एवढंसं मेण

माझ्या भावोजींना गल्लीत भोंगेवाले म्हणायचे. तोंडावर नाही, पाठ वळली की. सुरुवातीला मला त्याचा भारी राग यायचा. ताईचा नवरा म्हणजे आमच्या घरचा माणूस. त्याला नावं ठेवायची तर ती आम्ही ठेवू, गल्लीला कोणी अधिकार दिला? कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला तर मी एकदा भर दुकानात सुनावलं होतं. भावोजींना ते कळलं तेव्हा ते हसत म्हणाले, "मेहुणीबाई, खरं तेच बोलतोय बिचारा. मी काय बासरीवाला आहे का?"

बासरीवाले ते नव्हतेच. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये ते रेडिएटर दुरुस्त करायचे. इंजिनासमोर पाणी थंड करणारी जी तांब्यापितळेची जाळी असते ना, तो रेडिएटर. तो गळायला लागला की भावोजींकडे यायचा. ते त्याची तोंडं रबरी बुचांनी बंद करायचे, पाण्याच्या टाकीत बुडवायचे आणि एका नळीतून आत हवा सोडायचे. जिथून बुडबुडा वर येईल तिथे भोक. तिथे खडूची खूण, मग आच, मग कथलाचा डाख. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. बोटं कायम काळी आणि नखांच्या कडा हिरवट. ताईने लग्नानंतर वर्षभर ती नखं घासून पाहिली आणि मग नाद सोडला.

वर्कशॉपमधलं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. नवा ड्रायव्हर आला की हमखास म्हणायचा, आतून पण स्वच्छ करून द्या. भावोजी म्हणायचे, "जुन्या रेडिएटरला तेजाब पाजायचं नसतं. आतला मळ आहे म्हणून तो पाणी धरतोय. मळ काढला की तो गेला." हे वाक्य ते घरी जेवतानाही ऐकवायचे. ताई "हो हो" म्हणत ताटं उचलायची. नवऱ्याच्या कामाच्या गोष्टी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याबद्दल मी ताईला बोल लावत नाही. मला नवरा नाही, पण असता तर मीही तेच केलं असतं.

वाद्यांचं वेड त्यांना लागलं ते भंगाराच्या दुकानात. दुकानदार एक जुना कॉर्नेट तराजूत टाकून पितळ म्हणून तोलत होता. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचा आखूड, गोलसर भाऊ. भावोजींनी तो तराजूतूनच उचलला. पोचे आलेले, सुरासाठी बोटांनी दाबायच्या तिन्ही खुंट्या गंजून बसलेल्या. हाताला काम दिसलं की त्यांना राहवायचं नाही. महिनाभर खटपट करून त्यांनी तो वाजता केला आणि मग वाजता केलाय तर वाजवायलाही यायला हवं, म्हणून नगराच्या बँडमधून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या वादकाच्या मागे लागले. म्हातारा म्हणाला, तुमचे ओठ या कामाचे नाहीत. भावोजी म्हणाले, ओठ एवढेच आहेत, याच्यातच भागवा.

त्यानंतर घरात पितळ शिरलं ते शिरलंच. कुठे एखादा जुना बँड बंद पडला, कुठे शाळेने माळा रिकामा केला, की भावोजींना निरोप यायचा. त्यांच्या दोनच खोल्या आणि काचा लावलेली गॅलरी. पलंगाखाली फ्रेंच हॉर्न, कपाटावर ट्रॉम्बोन, मोरीच्या दाराशी युफोनियम. ताई म्हणायची, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं." एक ओफिक्लाइड नावाचं प्रकरण होतं. त्याला सगळीकडून किल्ल्या होत्या आणि वाजवणारा माणूस आता लाखात सापडायचा नाही, असं भावोजी सांगायचे. मी कुठे तपासायला जाणार? आणि एक हेलिकॉन होता, अंगाभोवती गुंडाळून घ्यायचा, डोक्यापेक्षा मोठ्या तोंडाचा. भावोजी अंगाने किरकोळ. तो घातला की नाकापेक्षा मोती जड व्हायचा आणि भाचा जमिनीवर लोळून हसायचा. खालच्या मजल्यावर एक शाळामास्तर राहायचे. ते एकदा जिना चढून वर आले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "तुमच्याकडचा हत्ती आजारी आहे का? नाही, रात्रभर आम्हीही जागेच होतो."

माझं शिवणाचं दुकान त्यांच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत. मधे एक भिंत आणि थोडी मोकळी जागा, त्यामुळे गॅलरीत वाजवलेलं सगळं माझ्या मशीनपर्यंत यायचं. वाद्यांच्या पेट्यांना आतून मखमल लावायचं काम माझं. उरलेल्या तुकड्यांत भागवायचं, म्हणून एका पेटीला निम्मी लाल, निम्मी जांभळी मखमल आहे. भावोजींना ती सगळ्यात जास्त आवडायची. माणूस असा होता. त्याच्यावर रागवायचं ठरवून गेलं तरी येताना राग विसरायला व्हायचं.

आता भाच्याबद्दल सांगायला हवं. मी तो भाग नेहमी पुढे ढकलते.

ताईला तो एकच. कळायला लागल्यापासून पितळात वाढलेला, आणि ओठ मात्र या कामाचेच घेऊन आलेला. भावोजींना जे वर्षभर घाम गाळून जमायचं नाही ते तो आंघोळीला जाता जाता वाजवून दाखवायचा. भावोजींना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट, सापडलेल्यांपैकी सगळ्यात दुर्मिळ, कोरीव वेलबुट्टीचा एक कॉर्नेट होता, तो त्यांनी पोराच्या हातात दिला. संग्राहक मंडळी हळहळली. असला तुकडा काचेच्या कपाटात ठेवायचा असतो म्हणाली. भावोजी म्हणाले, "कपाटाला फुंकर मारता येते का?" पोराने तो पहिल्याच आठवड्यात जिन्यावरून पाडला आणि कॉर्नेटच्या पसरट तोंडाला अंगठ्याएवढा पोचा आणला. भावोजींनी आयुष्यात कुठल्या वाद्यावर पोचा राहू दिला नाही. हा मात्र आज काढू, उद्या काढू म्हणत राहून गेला.

भाचा नगराच्या बँडमध्ये लागला. रविवारी संध्याकाळी बागेत बँड वाजायचा आणि शेवटी एक संथ धून व्हायची. ती संपली की लोक उठायचे, मुलांच्या चपला शोधायचे, घरी निघायचे. घरी तो तिचाच सराव करायचा. दुपारी भावोजी डेपोत, ताई स्वयंपाकघरात, आणि हा गॅलरीत. ती धून वरवर चढत एका लांब सुरावर जायची आणि मग हळूहळू खाली उतरायची. मी मशीनवर असले तर माझा पाय आपोआप मंद व्हायचा.

मग त्याला ताप आला. ताईने सुरुवातीला घरातलीच औषधं दिली, कोणीही देतं तशी. ताप उतरेना तेव्हा इस्पितळात नेलं. तो परत आला नाही. नोकरीला लागून पुरतं वर्षही झालं नव्हतं. आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण आईच्या मनाला डॉक्टर काय सांगणार? ताईने ते औषधाचं चमच्याचं माप कितीतरी दिवस ओट्यावर तसंच ठेवलं होतं. येता-जाता त्याच्याकडे बघायची. मी ते एक दिवस उचलून फेकून दिलं. तिचं बघणं थांबलं नाही, फक्त बघायला ते माप राहिलं नाही.

भावोजींनी तो कॉर्नेट पेटीत ठेवला. वर्षातून एकदा, पोराच्या वाढदिवसाला, संध्याकाळी गॅलरीत उभं राहून ती शेवटची धून वाजवायचे आणि परत ठेवून द्यायचे. पुसायचेही नाहीत. पोचा तसाच. ताईला ते ऐकवायचं नाही. ती त्या वेळी माझ्या दुकानात येऊन बसायची आणि म्हणायची, "मशीन चालव." मी म्हणायचे, आत्ता कापड नाही लावलेलं. ती म्हणायची, "मग रिकामी चालव." रिकामी चालवली की मशीन बिघडते. पण मी चालवायची. पलीकडून धून यायची, माझी मशीन खडखड करायची, आणि ताई कात्रीशी चाळा करत बसायची. अशी कितीतरी वर्षं गेली.

एका वर्षी वाढदिवस जवळ आला असताना ताई म्हणाली, "या वेळी मी घरीच थांबणार."

मी सुईत दोरा ओवत होते, तो तसाच राहिला.

"अगं, मला त्याचा आवाज आठवेनासा झालाय," ती म्हणाली. "बोलण्याचा. 'आई' म्हणायचा तो कसा म्हणायचा, तेच आठवत नाही. चेहरा आठवतो, आवाज पुसट होत चाललाय. निदान त्याचं ते वाजवणं तरी आहे ना अजून. तो कॉर्नेट तरी तोच आहे."

हे तिने भावोजींनाही सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते डेपोतून थेट माझ्याकडे आले. स्टुलावर बसले, म्हणाले, "थांबणार म्हणाली." आणि रडायला लागले. मी अस्तराचा तुकडा पुढे केला. त्याने डोळे पुसून झाल्यावर त्यांनी तो नीट घडी करून परत दिला. त्यांना आता एकच काळजी होती, वाजवताना आपण चुकू नये. ती पहिल्यांदाच ऐकणार होती.

मधल्या दिवसांत ते एका दुसऱ्या शहरात गेले, कुठल्याशा बंद पडलेल्या बँडची वाद्यं बघायला. मी शाळेच्या गणवेशांच्या घाईत होते. आणि ताईने, जिने आयुष्यात त्या पितळाला कधी फडकंही लावलं नव्हतं, तिने पोराचा कॉर्नेट पेटीतून काढला. किटलीतला क्षार काढायला ती गरम पाण्यात लिंबूसत्व घालून ठेवायची. तसंच तिने टबात केलं, त्यात तो बुडवून ठेवला, बाटली धुवायच्या ब्रशने आतून घासला, धार सोडून सोडून खळबळून काढला. लेकराला न्हाऊ घालावं तसं.

भावोजी परत आले तर टेबलावर पांढऱ्या टॉवेलवर कॉर्नेट लखलखत होता. ताई ओले हात पुसत उभी होती. म्हणाली, "बघा, आतूनसुद्धा धुतला. किती काळं पाणी निघालं म्हणून सांगू!"

भावोजी म्हणाले, "छान झालं."

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, दुकानाच्या मागच्या बाजूला, कपडे घालून बघायच्या पडद्याआड. बगलेत कॉर्नेटची पेटी होती. त्यांनी तो डेपोत नेऊन फुंकून पाहिला होता. सूर निघेना, नुसती हवा. मग रेडिएटरच्या टाकीत बुडवून नळी लावली.

"सगळीकडून बुडबुडे," ते म्हणाले. "मेहुणीबाई, सगळीकडून."

पितळ आतून कधीचंच कुजलं होतं म्हणे. वादक फुंकतो तेव्हा आत श्वास जातो, थुंकी जाते, तेल, धूळ, सगळं सुकून थर बसतो. त्या थराने भोकं बुजलेली होती आणि म्हणून तो वाजत होता. जुन्या रेडिएटरची गोष्ट, अक्षरशः तीच. भावोजी म्हणाले, "पोराचाच श्वास होता तो. त्यानेच भोकं धरून ठेवली होती. मोरीतून वाहून गेलं सगळं."

माझं डोकं फिरलं. "जन्मभर जेवताना दुसरं काय सांगत होतात तुम्ही?" मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता जाऊन विचारते तिला. कान होते का नव्हते!"

त्यांनी माझं मनगट धरलं. मेहुणीचं मनगट धरायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"तिला कळता कामा नये," ते म्हणाले. "त्या तापाचं ओझं अजून उतरवलं नाहीये तिने. हे कळलं तर म्हणेल, उरलं होतं तेही मीच घालवलं. मग ती ऐकायला थांबणार नाही, आणि मग ती कशालाच थांबणार नाही. हवी तर माझी शपथ घालतो तुला, पण तिला कळता कामा नये."

मी म्हटलं, डाख द्या मग, तुमचा धंदाच तो. त्यांनी मान हलवली. पत्रा कागदासारखा झाला होता, आच लावली की एका भोकाची दोन व्हायची. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या मशीनच्या खणात गेली. "हे काय?"

"धाग्याला लावायचं मेण. जाड कापड शिवताना."

त्यांनी नखाने एवढंसं टोकरलं, बोटांत मळलं आणि पितळ कुजून लाल पडलेल्या एका ठिपक्यावर दाबलं.

पुढचे दिवस ते डेपोतून सुटले की माझ्या पडद्याआड बसायचे. माझीच बादली, माझंच मेण. फुंकायचं, बुडबुडा बघायचा, पुसायचं, मेण लावायचं. एकदा माप द्यायला आलेल्या बाईंनी पडदा सारला तर आत भोंगेवाले बादलीत कॉर्नेट बुडवून बसलेले. बाई किंचाळल्या. भावोजी उठून अदबीने म्हणाले, "या ना, माझं होतच आलंय." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. सगळ्यात जास्त मेण नळ्यांच्या वळणांवर होतं. ते दिसू नये म्हणून मी जुन्या पर्सच्या चामड्याचं एक वेष्टण शिवलं, बाजूने लेस बांधायचं. हाताचा घाम पितळाला लागू नये म्हणून वादक तसं लावतातच, त्यामुळे ताईला शंका यायचं कारण नव्हतं.

वाढदिवसाच्या संध्याकाळी ताईने मलाही बोलावलं. "मी एकटी नको," म्हणाली. पलंगाच्या कडेला आम्ही दोघी बसलो. भावोजींनी धुतलेला शर्ट घातला होता, वरचं बटणसुद्धा लावलं होतं. मला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की श्वास गरम असतो, मेण मऊ पडतं, त्यामुळे हळूच वाजवायचं आणि लवकर संपवायचं. मी देवाला काही मागत नाही, पण त्या दिवशी मेणाला मागत होते.

त्यांनी सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण होता. ताईने माझा हात धरला. धून चढत चढत त्या लांब सुरापाशी आली, भावोजींनी जोर दिला, आणि मेण सुटलं. सुराचा फुसकन वारा झाला. भावोजींचा चेहरा मी विसरणार नाही. मोठ्या माणसाचा चेहरा असा उघडा पडलेला बघू नये.

मग ताई म्हणाली, "इथंच दम तुटायचा त्याचा. अगदी इथंच!"

ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "तुम्हाला कुठे माहीत? तुम्ही डेपोत असायचात. दुपारभर मी ऐकायचे ना. या सुरावर आला की संपलं, तुटलाच दम."

भावोजी माझ्याकडे बघायला लागले. मशीनच्या आवाजात मला तो दम तुटलेला कधी कळला नव्हता, मी खाली बघितलं. मग त्यांनी हलक्या फुंकीने उरलेली धून कशीबशी उतरवली आणि ताई म्हणाली, चहा टाकते.

त्यानंतर दरवर्षी भावोजी वाढदिवसाच्या आधी माझ्या दुकानात यायचे. नखावर माप दाखवायचे, "मेहुणीबाई, एवढंसं मेण." हाताखालून काम जात जात त्यांना ते इतकं साधलं की पुढे पुढे मेण शेवटपर्यंत टिकायला लागलं. तरी त्या लांब सुरावर ते थांबायचेच. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "टिकतंय गं मेण. पण ती पोराची जागा आहे. बँडमध्ये सगळे एकत्र वाजवायचे, त्यात एकट्याचा दम कुठे कळणार? मला हे तिच्यामुळे कळलं. आता मी तिथे त्याच्यासारखाच तुटतो." हे सांगताना त्यांच्या तोंडावर किती समाधान होतं. आणि मला मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ताईशी मी सगळं बोलते, हे एक सोडून.

गेल्या हिवाळ्यात भावोजींची छाती भरली. जन्मभर फुंकत आलेल्या माणसाला श्वासच पुरेना. इस्पितळात त्यांनी मला जवळ बोलावलं, नखावर माप दाखवलं आणि बोट हलवलं. यंदा मेण लागणार नाही. मग ताईच्या दिशेने बघून पुन्हा बोट हलवलं. ते मला कळलं. मी मान डोलावली आणि बाहेर जाऊन जिन्यात रडले.

ते गेल्याचं कळल्यावर संग्राहक यायला लागले. एकाने तर चहा संपायच्या आत पलंगाखाली डोकं घातलं. मी त्याला जिना दाखवला. ताईने बँडमधल्या माणसांना बोलावून सांगितलं, जो वाजवेल त्याने न्यावं. हेलिकॉन एका तरुण वादकाने अंगात घातला तेव्हा तो त्याला अगदी बरोबर बसला, आणि ताई तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. हळूहळू खोल्या मोकळ्या झाल्या. मोरीचं दार पुन्हा पूर्ण उघडायला लागलं. एकच पेटी राहिली, पोराच्या कॉर्नेटची, आतून निम्मी लाल, निम्मी जांभळी.

मग भाच्याचा वाढदिवस आला. संध्याकाळी ताई दुकानात आली. माझा पाय आपोआप मशीनवर गेला, वर्षानुवर्षांची सवय.

"मशीन बंद कर," ती म्हणाली.

तिने पेटी कापायच्या टेबलावर ठेवली. मग अंगठ्याचं नख पुढे केलं. "एवढंसं मेण दे."

मी तिच्या नखाकडे बघत राहिले.

"धुतानाच दिसलं मला," ती म्हणाली. "आत पाणी भरून उभा धरला तर बाहेरून घाम फुटल्यासारखे थेंब आले. सगळ्या नळीवर. तेव्हा आठवलं, हे जेवताना काय सांगायचे ते. तोवर काळं पाणी मोरीत गेलं होतं. हातात धरून किती वेळ बसले मी, माझं मला माहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. टॉवेलवर ठेवून उभी राहिले ती तेवढ्यासाठीच. पण तोंडातून भलतंच निघालं. आणि हे म्हणाले, छान झालं. त्यांच्या डोळ्यांत दिसलं मला, यांना कळलंय आणि मला कळू द्यायचं नाहीये. मग मी काय बोलणार? तुझ्याकडे पडद्याआड बसायचे तेही माहीत होतं. त्या किंचाळलेल्या बाई माझ्याच मजल्यावर राहतात."

मी स्टुलावर बसले. एवढी वर्षं मी कोणाचं काय लपवत होते?

"आणि तो दम तुटायचा ते?" मी विचारलं.

ताईने पेटीवरून हात फिरवला. "कधीच नाही तुटला. एका दमात न्यायचा तो, वर चढायचा आणि तसाच खाली उतरायचा. पण त्या दिवशी यांचा चेहरा बघवेना गं. काहीतरी बोलायला हवं होतं, ते बोलून गेले. मग दरवर्षी त्याच जागी मेण सुटायचं. मी मनातल्या मनात पुढचं म्हणून घ्यायची."

आणि माझा तो मेला स्वभाव. मला दोघांचाही इतका राग आला होता की मी विचार न करता बोलून बसले. "सुटत नव्हतं मेण! नंतर टिकत होतं. तू म्हणालीस पोराचा दम तिथे तुटायचा, म्हणून थांबायचे ते. मुद्दाम थांबायचे. एक शब्द बोलली असतीस तर त्यांनी सबंध वाजवला असता!"

"टिकत होतं?" ताईने विचारलं.

मी मान डोलावली. तिला तिच्या मुलाची धून सबंध ऐकायची होती. त्यांना ती तिला ऐकवायची होती. कॉर्नेट तयार होता, मेण टिकत होतं, दोघं एका खोलीत समोरासमोर होती. आणि दरवर्षी ती धून त्या एका सुरावर मोडली, एकमेकांच्या मायेने.

मग ताई म्हणाली, "बादली कुठेय तुझी?"

आम्ही दोघी पडद्याआड बसलो. मी चामड्याचं वेष्टण सोडलं. आत भावोजींच्या बोटांनी दाबलेलं मेण होतं, प्रत्येक ठिपक्यावर नखाची बारीक कड उमटलेली. बरंचसं अजून धरून होतं. जिथे सुटलं होतं तिथेच आम्ही नवीन लावलं, त्यांचं काढलं नाही. बुडबुडे थांबेपर्यंत ताई फुंकत राहिली आणि मी बघत राहिले.

मग तिने तो पुसला आणि ओठांना लावला. तिला वाजवता येत नाही. कोणत्या खुंटीवर बोट ठेवायचं तेही माहीत नाही. सूर निघायचा प्रश्नच नव्हता, नुसती हवा. पण ती नुसती फुंकत नव्हती. लहान फुंकर, लांब फुंकर, मधे श्वास, परत लांब. मला एकदम कळलं, ही धून म्हणतेय. दुपारभर ऐकलेली, सबंध.

तिने डोळ्यांनी खुणावलं. मी त्या पोच्याजवळ, कॉर्नेटच्या तोंडापुढे तळहात धरला. हवा येत होती, गरम. फुंकर चढत चढत त्या जागेपाशी आली आणि माझा हात तिथे थांबायच्या तयारीत राहिला.

ताई थांबली नाही. हवा माझ्या हाताला लागत राहिली.